सीलबंद साठ वॅट

गेल्या वर्षी सोसायटीच्या वार्षिक संमेलनात मी सात मिनिटं गिटार वाजवली. वाजवून झाल्यावर उठलो, वाकून नमस्कार केला, आणि नेमकं त्याच वेळी सेक्रेटरींनी माइक हातात घेऊन जाहीर केलं, "मंडळी, बसून घ्या. गिटारवादन थोड्याच वेळात सुरू होतंय."

यात सेक्रेटरींचा दोष नव्हता. नायलॉनच्या तारांच्या गिटारचा आवाज मुळातच घरगुती. दार लावावं, पंखा बंद करावा आणि मग ऐकावा असा. आमच्या हॉलमध्ये एकशे चाळीस खुर्च्या आहेत आणि त्यातली प्रत्येक खुर्ची बसणाऱ्याने एकदा मागे आणि एकदा पुढे सरकवल्याशिवाय तिच्यात बसता येत नाही. मी तारा जुळवतोय असा सर्वांचा समज झाला. तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी नंतर मला जिन्यात थांबवून सांगितलं की इतका वेळ न कंटाळता तारा जुळवणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. कौतुकच होतं ते. मी आभार मानले.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण त्या दिवशी ताई आली होती. ताई म्हणजे माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी बहीण. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. गेली काही वर्षं तिला कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र आहे, पण ते कपाटात असतं, कारण ते लावलं की भांडी अंगावर आल्यासारखी वाटतात असं ती म्हणते. कार्यक्रमानंतर ती मला म्हणाली, "छान झालं हो." मी विचारलं, "काय छान झालं?" तर ती म्हणाली, "ते आता मला कसं कळणार? पण शर्ट चांगला होता."

या वर्षी संमेलनाच्या दुसऱ्याच दिवशी ताई तिच्या मुलीकडे कायमची राहायला जाणार होती. मुलगी इतकी लांब असते की आपली दुपार ती तिची पहाट. तेव्हा ताईला ऐकवायचं तर या संमेलनात, नाहीतर राहिलं. म्हणून मी वर्षभरात दोन गोष्टी केल्या. एक, आतून तारांचा आवाज टिपणारा पिकअप बसवलेली, वायर जोडता येणारी गिटार घेतली. दोन, अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचं ठरवलं. पहिली गोष्ट एका दुपारी झाली. दुसरीची हकीकत ही अशी आहे.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानातले काटे, मापं, पेट्रोलचे पंप तपासतो आणि बरोबर असतील तर त्यांना सील ठोकतो. सत्तावीस वर्षं हे काम केल्यावर माणसाला "साधारण", "बऱ्यापैकी" आणि "चांगला मोठा" हे शब्द ऐकू आले की दाढ दुखल्यासारखं होतं. आणि अ‍ॅम्प्लिफायर या विषयावर आमच्या इमारतीत जे बोललं गेलं ते सगळं याच तीन शब्दांत.

पहिला सल्ला मेव्हण्याचा. त्याच्याकडे त्याच्या कॉलेजच्या दिवसांतला इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर पडून होता. "दाजी, नवा कशाला घेताय? हा घ्या. चांगला मोठा आहे," असं म्हणून तो स्वतः चौथ्या मजल्यावर घेऊन आला. आम्ही गिटार जोडली, मी एक तार छेडली. पत्र्याच्या पिंपात कुणीतरी खिळे ओतावेत तसा आवाज आला. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि काय पडलं म्हणून विचारू लागल्या.

"इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प मुद्दाम आवाज खरबरीत करतो," मेव्हणा म्हणाला. "त्यातच तर मजा आहे."

"माझी गिटार खरबरीत नाही," मी म्हणालो.

"मग अ‍ॅम्प कशाला हवाय?" मेव्हण्याने विचारलं, आणि रागावून तो खोका पुन्हा खाली घेऊन गेला. लिफ्ट त्या दिवशी बंद होती.

दुसरा सल्ला व्होल्टकाकांचा. व्होल्टकाका म्हणजे वीज कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. राहतात दुसऱ्या मजल्यावर आणि असतात मीटरच्या खोलीत. त्यांनी प्रश्नाला शास्त्रशुद्ध हात घातला. हॉलमध्ये माणसं एकशे चाळीस. प्रत्येक माणसाला एक वॅट. वर वीस टक्के कपड्यांचे, कारण कापड आवाज खातं. एकशे अडुसष्ट वॅट.

"काका, माणशी एक वॅट हे कुठून आलं?"

"कुठूनतरी सुरुवात करायला नको का?" व्होल्टकाका म्हणाले. "तुमच्या किलोग्रॅमची सुरुवात कुठून झाली? कुणीतरी ठरवलंच ना?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं आणि काकांचा जिना उतरून झाला होता.

तिसरा सल्ला सेक्रेटरींचा, आणि तो सल्ला नव्हताच. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही कितीही वॅटचा घ्या. पण बाहेरचं विजेचं उपकरण हॉलमध्ये लावायचं तर फॉर्म भरावा लागतो. आणि घरात तर मुळीच लावायचं नाही. फ्लॅटमध्ये लाउडस्पीकर लावायला बंदी आहे. नियम सव्वीस."

मी फॉर्म आणला. उपकरणाचा प्रकार या रकान्यात चार पर्याय होते: पंप, हीटर, शिलाई यंत्र, इतर. मी "इतर"वर खूण करायला पेन टेकवलं तसे सेक्रेटरी कळवळून म्हणाले, "अहो, 'इतर' नका लिहू! 'इतर' असेल तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. ती होईपर्यंत संमेलन होऊन जाईल."

"मग काय लिहू?"

"पंप लिहा."

"पण तो पंप नाही."

"साहेब, पंप म्हणजे काय? इकडून थोडं आत घेतो, तिकडून जोरात बाहेर काढतो. बरोबर?"

मी सत्तावीस वर्षांत सरकारी किंवा बिनसरकारी, कुठल्याही कागदावर खोटं लिहिलेलं नाही. ते मी त्या दिवशीही लिहिलं नाही. मी "पंप"वर खूण केली आणि खाली शेऱ्यात "(आवाजाचा)" असं लिहिलं. त्यापुढे "किती मजल्यांपर्यंत" असा रकाना होता, तिथे "तळमजला" लिहिलं. फॉर्म मंजूर झाला.

मग मी वाद्यांच्या दुकानात गेलो. मालक बोलका होता. त्याने मला सहा अ‍ॅम्प्लिफायर दाखवले. नायलॉनच्या गिटारसाठी वेगळ्या जातीचा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, जो आवाजात स्वतःचं काही घालत नाही, आहे तोच मोठा करून देतो, ही गोष्ट मला त्याच्याकडून कळली. मला ती पसंत पडली. चांगला तराजूही स्वतःचं काही घालत नाही. मी तसं त्याला बोलून दाखवलं आणि ओघात माझं खातंही सांगितलं.

त्यानंतर मालक बोलका राहिला नाही. काउंटरच्या टोकाला पार्सलं जोखायचा एक काटा होता, त्याच्यावर त्याने हळूच एक फडकं टाकलं. मी म्हणालो, "मी त्यासाठी आलेलो नाही." तो म्हणाला, "नाही नाही, सहज झाकला साहेब," आणि काट्याच्या पुढ्यात उभा राहिला. पुढचे दोन तास मी जे जे म्हणालो ते ते त्याला पटत गेलं. यामुळे माझं मोठं नुकसान झालं. विरोध करणारा माणूस समोर असता तर पुढचं काही घडलं नसतं.

मी माझी पद्धत समजावली. तुलना करायची तर एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. तेव्हा एकच तार, मोकळी, तिसरी. एकाच जागी, एकाच जोराने छेडायची. ऐकणाऱ्याने तीन पावलांवर उभं राहायचं. सहा अ‍ॅम्प्लिफायर, प्रत्येकी दहा वेळा.

"साहेब, एखादं गाणं वाजवून बघता का?" मालकाने भीत भीत विचारलं.

"गाणं दर वेळी वेगळं होतं. त्याने मोजमाप बिघडतं."

"तेही बरोबरच आहे म्हणा."

साठ वेळा तीच तार वाजली. विसाव्या वेळी दुकानातलं एक गिऱ्हाईक बाहेर गेलं. चाळिसाव्या वेळी मालकाने कपाळाला काहीतरी चोळलं. शेवटी चौथ्या क्रमांकाचा, साठ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर मी निवडला. त्याची ती तार अगदी निर्मळ होती. आजही आहे. बिलावर मी त्याचा क्रमांक तपासून घेत असताना मालक वायरबद्दल काहीतरी सांगत होता. मी मान डोलावली. आकडा चौदा अंकी होता आणि मी अकराव्या अंकावर होतो.

गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर घरी आले. अ‍ॅम्प्लिफायर घरात लावायचा नाही हा नियम होता, तो मी पाळला. ठरवून दिलेल्या दिवशी कमिटीसमोर चाचणी होणार होती, तोपर्यंत मी नेहमीसारखा, बिनआवाजी सराव करत राहिलो. वायर हरवू नये म्हणून ती मात्र गिटारलाच खोचून ठेवली. वस्तू जिथे लागते तिथेच ठेवावी, हे आमच्या घरात मीच सगळ्यांना शिकवलेलं आहे.

चाचणीच्या आधी एका सकाळी दारात सोसायटीचा प्लंबर उभा. त्याच्या हातात माझ्या फॉर्मची प्रत होती.

"नवीन पंप कुठाय?"

बायकोने अ‍ॅम्प्लिफायर दाखवला. त्याने तो सगळीकडून पाहिला, पुढची जाळी बोटाने दाबली, खाली वाकून फरशीवर हात फिरवला.

"पाणी कुठून जातं याच्यात?"

"पाणी नाही हो जात. गिटार जाते," बायको म्हणाली.

प्लंबरने तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं, फॉर्मवर "गळती नाही" असा शेरा मारला आणि सही करून निघून गेला. त्याच्या कामात मला काही खोट दिसली नाही.

चाचणीला कमिटीचे तिघं हजर होते. सेक्रेटरी, व्होल्टकाका आणि खालच्या मजल्यावरच्या काकू. मी अ‍ॅम्प्लिफायर हॉलच्या मध्यावर ठेवला, गिटार जोडली आणि पद्धतीप्रमाणे मोकळी तिसरी तार छेडली. नॉब दोनवर. काही ऐकू आलं नाही.

"वाढवा," सेक्रेटरी म्हणाले. चार. सहा. आठ. शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावून बाहेर गेलंय, इतपत आवाज आला. दहावर नेला तेव्हा तो रेडिओ दार उघडं टाकून गेल्यासारखा वाटला.

"एकशे अडुसष्ट म्हणालो होतो," व्होल्टकाका म्हणाले.

काकू मात्र खूश होत्या. "किती सभ्य आवाज आहे! उगाच घाबरत होते मी."

मला धक्का बसला होता. पण मी माझ्या वहीत "कमाल पातळीवर आवाज सौम्य" एवढंच लिहिलं. त्या आवाजात ताईला शर्टच पुन्हा दिसणार होता.

सेक्रेटरींनी कागद पुढे ओढला. "मंजूर. नॉब दहावर. पण साहेब, रागावू नका. त्या दिवशी तुम्ही याच्या वर नेणार नाही कशावरून?"

"दहाच्या वर आकडाच नाही."

"ते खरं. पण वाजवताना माणूस भरात येतो. मागे एका गृहस्थांनी कवितावाचनात माइक उपटला होता."

इथे मी जे केलं ते मला कुणी करायला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "मी सील करून देतो." तीन माणसं माझ्या सचोटीवर शंका घेतायत आणि माझ्याकडे त्याचा इलाज आहे, अशी संधी आयुष्यात वारंवार येत नाही. मी तराजू दुरुस्त करणाऱ्याकडून शिशाची गोळी आणि तार आणली, तार नॉबच्या खाचेतून घेऊन अ‍ॅम्प्लिफायरच्या मुठीला आवळली आणि गोळी पकडीने दाबली. गिटारवरही आवाजाचं एक छोटं बटण होतं. ते वरच्या टोकाला नेऊन त्यावर चिकटपट्टी लावली आणि चिकटपट्टीवर सही केली. सरकारी ठसा वापरला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. सील इतकं नेटकं झालं होतं की काकूंनी त्याचा फोटो काढला. अ‍ॅम्प्लिफायर कमिटीच्या खोलीत कुलपात गेला.

संमेलनाच्या दोन दिवस आधी वाद्यांच्या दुकानदाराचा फोन आला. काट्याची धास्ती त्याच्या मनातून गेली नसावी.

"साहेब, सगळं ठीक ना? आपल्याबद्दल तक्रार नाही ना? बॅटरी वगैरे बदलली का वेळेवर?"

"कुठली बॅटरी?"

"गिटारच्या पोटातली. सांगितलं होतं ना तुम्हाला. वायर खोचलेली राहिली की ती चालूच राहते. आठवड्यात संपते. मग तुमचा अ‍ॅम्प कितीही मोठा असू दे, आवाज मेलेला येतो."

माझी वायर एकोणीस दिवस खोचलेली होती.

मी ताबडतोब सेक्रेटरींना पत्र दिलं. चाचणी संपलेल्या बॅटरीवर झाली आहे, तरी ती रद्द समजून फेरचाचणी घ्यावी. संध्याकाळी लेखी उत्तर आलं. उपकरण सीलबंद असल्याने फेरचाचणीसाठी सील काढावं लागेल, सील काढण्याचा ठराव कमिटीच्या बैठकीत व्हावा लागेल, आणि पुढची बैठक संमेलनानंतरच्या गुरुवारी आहे.

"मग जुनीच बॅटरी राहू द्या की," बायको म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलंय, सगळ्यांना चाललंय."

"अगं, ताईला ऐकू येणार नाही."

"आणि नवीन घातली तर?"

"तर किती मोठा येईल हे मोजलेलं नाही."

"अहो, म्हणजे तुम्ही न मोजता काहीतरी करणार?" तिने लाटणं खाली ठेवलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, तिने माझ्याकडे असं पाहिल्याचं मला आठवत नाही. मी गिटारच्या पोटातली बॅटरी बदलली.

संमेलन दुपारी चारला सुरू झालं. माझा क्रमांक तिसरा होता. मी आत गेलो तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर माझ्या खुर्चीच्या थेट मागे, पाठीला लागून ठेवलेला होता. पुढे ठेवला तर कुंडी झाकली जाते असं हॉलच्या रखवालदाराचं म्हणणं पडलं. स्पीकरचं तोंड गिटारच्या पाठीशी आलं तर गिटार तोच आवाज पुन्हा आत घेते आणि पुन्हा बाहेर टाकते, आणि हे चक्र थांबत नाही, ही माहिती मला त्या क्षणी नव्हती. चार सेकंदांनी मिळाली.

मी वायर खोचली. अजून तारेला हात लावला नव्हता. मागून एक बारीक "घूं" आला. तो वाढला. मग आणखी वाढला. मग तो आवाज राहिलाच नाही, हॉलची हवाच जड झाली. खिडकीच्या काचा थरथरू लागल्या. काकूंनी दोन्ही कान झाकले. एकशे चाळीस माणसं तोंडं उघडून माझ्याकडे बघत होती आणि त्यातलं कुणी काय बोलतंय ते कळत नव्हतं.

ताई पहिल्या रांगेत होती. तिचा चेहरा उजळला. तिने शेजारणीला कोपराने ढोसलं आणि ती जे ओरडली ते त्या घूंकारातही मला ऐकू आलं, "सुरुवात दमदार केलीय!"

सेक्रेटरी व्यासपीठावर चढले. "कमी करा! साहेब, कमी करा!"

"सील आहे!"

"काय?"

"सील! तुमचं!"

व्होल्टकाकांनी भिंतीवरचा बोर्ड बंद केला. शांतता झाली. मी खुर्ची बाजूला घेतली, काकांनी बोर्ड चालू केला, घूं पुन्हा सुरू. काकांनी बोर्ड बंद केला. असं तीनदा झालं. मधल्या काळात टाळ्या पडल्या, त्या नेमक्या कशासाठी हे मी विचारलं नाही.

"तोडा ते सील," सेक्रेटरी म्हणाले.

"मी सत्तावीस वर्षांत दोन पंच आणि पंचनाम्याशिवाय सील तोडलेलं नाही. तुम्ही पंच व्हा. काका दुसरे. कागद आणा, दोन मिनिटांत लिहितो."

सेक्रेटरी मागे सरकले. "मी पदाधिकारी आहे. मला पंच होता येणार नाही."

"मी बोर्डाजवळ आहे," व्होल्टकाका लांबून म्हणाले. "बोर्ड सोडता येत नाही."

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी आधी चष्मा लागत नाही म्हणून सांगितलं, मग सही येत नाही म्हणून. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या.

मी तिथे उभा होतो. एका हातात गिटार. समोर एकशे चाळीस माणसं. सील मी स्वतःच केलेलं, आणि ते असंच तोडलं तर गेल्या सत्तावीस वर्षांत ज्यांचे काटे मी जप्त केले त्या सगळ्यांना मी काय सांगणार? सेक्रेटरींनी माइककडे हात नेला. पुढचा कार्यक्रम जाहीर होणार हे मला दिसलं. म्हणजे ताई उद्या जाणार आणि हे राहूनच जाणार.

तेवढ्यात ताई वर आली. पायऱ्या चढताना तिने कुणाचा हात धरला नाही. "काय अडलंय रे?" तिने विचारलं. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं ती बोलली, त्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं. सील. पंच. पंचनामा.

"कुणी लावलं?"

"मी."

"का?"

या प्रश्नाला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. ताईने पर्स उघडली, नखं कापायचं यंत्र काढलं, खाली बसली आणि सीलची तार कापली. टच्च. मग नॉब धरून तिने व्होल्टकाकांना हाताने खूण केली. बोर्ड चालू झाला. घूं उठला, तिने नॉब फिरवला, तो विरला. तीनवर. अ‍ॅम्प्लिफायरची मूठ धरून तिने तो माझ्या मागून ओढत पुढे आणला. कुंडी झाकली गेली. मग ती खाली जाऊन बसली आणि म्हणाली, "हं."

मी वाजवायला लागलो, आणि पहिल्या काही सेकंदांतच माझ्या लक्षात आलं की मी एक फार मोठी चूक करून बसलोय. मी त्या अ‍ॅम्प्लिफायरवर आजवर एकच तार ऐकली होती, तीही मोकळी. गाणं आत्ता, या एकशे चाळीस माणसांबरोबर, मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आणि तो अ‍ॅम्प्लिफायर खरोखरच स्वतःचं काही घालत नव्हता. बोट तारेवरून घसरल्याची चिरचिर, अर्धवट दाबलेले स्वर, माझा श्वास, सगळं तो जसंच्या तसं मोठं करून देत होता. चार वर्षं मी हे असं वाजवत होतो आणि आवाज लहान म्हणून कुणाला, मलासुद्धा, कळलं नव्हतं.

तिसऱ्या ओळीत स्वर भराभर वर चढत जातात. तिथे मी अडखळलो. ती ओळ पुन्हा येते, तिथे पुन्हा अडखळलो. तिसऱ्यांदा आली तेव्हा हॉलमधून आवाज आला, "थांब!"

ताई उभी होती. तिने तीस वर्षं टायपिंगचा वर्ग चालवला. वीस यंत्रं एकदम चालू असताना कुठल्या रांगेत कुणी चुकीची कळ दाबली हे ती पाठमोरी असताना सांगायची.

"तीन वेळा तीच चूक," ती म्हणाली. "चौथं बोट आधीच उचलतोयस. पुन्हा."

"ताई, कार्यक्रम चाललाय."

"मग बरोबर वाजव."

कुणी हसलं नाही. हसायला हरकत नव्हती, पण ताई उभी असताना ती हिंमत कुणाला झाली नसावी. मी ती ओळ पुन्हा वाजवली. चुकली. "पुन्हा." चुकली. सेक्रेटरी घड्याळ दाखवत पुढे आले. ताई त्यांना म्हणाली, "तुम्ही बसा," आणि ते बसले, तेही जमिनीवर. मी बोटं रुमालाला पुसली. पाचव्यांदा ओळ बरोबर आली. सरळ, न घसरता, शेवटच्या स्वरापर्यंत.

ताईने मान हलवली. खाली बसली. "आता पहिल्यापासून," ती म्हणाली, आणि मी पहिल्यापासून वाजवलं. सात मिनिटं एकही खुर्ची सरकली नाही. ताईने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि तिचं एक बोट ठेका धरत होतं. तो ठेका बरोबर होता. एकदा तर माझाच थोडा मागे पडला, तेव्हा ते बोट थांबलं आणि माझी वाट बघत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिला विमानतळावर सोडायला गेलो. आत जाण्याआधी तिने माझा डावा हात हातात घेतला, चौथं बोट वाकवून पाहिलं, आणि "कमजोर आहे," एवढं बोलून ती गेली.

गुरुवारी कमिटीची बैठक झाली. मंजूर पातळीचं सील अनधिकृतपणे तोडल्याबद्दल माझ्याकडे खुलासा मागण्यात आला. मी तो दोन पानी दिला, घटनाक्रम वेळेसह, आणि सोबत कापलेली तार पाकिटात जोडली. त्यावर असं ठरलं की सील तोडणारी व्यक्ती सोसायटीच्या कार्यक्षेत्राबाहेर गेली असल्याने प्रकरण बंद करावं. पंपाचा परवाना मात्र वर्षभर चालू आहे. प्लंबर दर तीन महिन्यांनी येऊन गळती पाहून जातो.

ताईला फोनवर ऐकू येत नाही. म्हणून मी दर रविवारी तिला लिहून कळवतो. गेल्या रविवारी लिहिलं, "तिसरी ओळ रोज दहा वेळा वाजवतो. या आठवड्यात सरासरी दहापैकी आठ वेळा बरोबर."

तिचं उत्तर तासाभरात आलं. तिकडे तेव्हा पहाट असणार.

"आणि दोन?"